माळवदाखालच्या दुपारी

२०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. ९३ वं संमेलन, अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो, आणि संमेलननगरीला नाव संत गोरोबाकाकांचं. कागदोपत्री तेव्हा उस्मानाबाद असलं तरी आमची जुनी माणसं धाराशिवच म्हणत आली. तर त्या धाराशिवात १० ते १२ जानेवारी असे तीन दिवस माणसं पुस्तकांच्या गाळ्यांवरून हलत नव्हती. रानातली कामं उरकून आलेले शेतकरी, गावोगावच्या शाळांतले मास्तर, डोक्यावर पदर घेतलेल्या बायका, सगळे पुस्तकं उलटून मागची किंमत बघत होते. दुष्काळाच्या आणि कर्जाच्या बातम्यांपुरतंच ज्याचं नाव राज्याला ठाऊक, त्या जिल्ह्यात पुस्तकांपुढची ती गर्दी बघून ऊर भरून आला. मीही पिशव्या भरून पुस्तकं घेतली आणि उन्हाळ्यात सवडीनं वाचू म्हणून ती गावाकडच्या घरी फडताळात रचून ठेवली.

सवड मार्चातच आली. २२ तारखेचा रविवार करोनाच्या जनता कर्फ्यूचा. २४ च्या रात्री आठ वाजता देश बंद होणार असल्याचं जाहीर झालं आणि २५ ला पाडवा होता. गुढी उभारली ती दारच्या कडुलिंबाच्या डहाळीवर आणि घरात होती त्या साडीवर. गाठी आणायला बाजारच नव्हता. त्याआधीच आम्ही शहरातलं बिऱ्हाड बंद करून गावी आलो होतो, आणि पुण्याहून मोठे दीर-जाऊबाई दोन्ही मुलांना घेऊन पोचले होते. कितीतरी वर्षांनी त्या घरात सगळे एकदम राहायला आले होते, आणि कुणालाच परतीची तारीख ठाऊक नव्हती.

घर तेरच्या अलीकडं, तेरणेच्या खोऱ्यात. जुनं माळवदाचं. लाकडी तुळया, त्यांवर आडव्या फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. बाहेर चैत्राचं ऊन पत्रे तापवून काढत असताना आत शिरलं की अंगावर गारवा येतो. ढाळजेत दोन बाजांची जागा, मधल्या घरात जमीन शेणानं सारवलेली, आणि छताला एक सवणं. त्या सवण्यातून उन्हाचा कवडसा खाली पडतो आणि दुपारभर जमिनीवरून सरकत राहतो. आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, घड्याळाची गरज कधी पडली नाही. कवडसा जात्याच्या खुंट्यापाशी आला की चहा ठेवायचा, रांजणाच्या अंगाला टेकला की गुरांना पाणी दाखवायचं.

पहिले काही दिवस मुलं कावरीबावरी होती. फोनला रेंज यायची ती माळवदावर चढल्यावर, आणि माळवदावर दुपारी पाय ठेवायची सोय नव्हती. धाकटा सारखा विचारायचा, आता काय करू? आत्यांना तो प्रश्नच कळत नसे. त्यांच्या पुढ्यात चिंचेचा ढीग होता.

चैत्रात आमच्याकडं चिंच फोडायचं काम असतं. झाडाची चिंच झोडून आणायची, उन्हात वाळवायची, टरफलं काढायची, मग एकेक बोटूक दगडावर धरून दुसऱ्या दगडानं हलक्या हातानं ठोकायचं. घाव नेमका बसला तर चिंचोका टणकन बाजूला उडतो आणि गर सलग राहतो. जोरात बसला तर चिंचोका गरातच फुटतो आणि पुढं आमटीत दाताखाली येतो. मग शिरा ओढायच्या, गराला मीठ लावायचं, गोळे करून बरणीत भरायचे. बरणी वर्षाला पुरते. एरवी हे काम आत्या शेजारणीला हाताशी घेऊन करायच्या. त्या वर्षी शेजारणीला आपल्या दारातून आमच्या दारात यायची चोरी. म्हणून आत्यांनी दोन्ही नातवंडांच्या हातात दगड दिले.

दोन दिवसांत मुलांचा हात बसला. आणि ढीग जसा उतरत गेला तसा दुसरा ढीग चढत गेला, चिंचोक्यांचा. तपकिरी, चकचकीत, हातात घेतले तर निसटून जाणारे. थोरलीनं विचारलं, "आज्जी, हे फेकायचे?"

"फेकायचे कशाला? हे आणि कशासाठी असत्यात?" आत्या म्हणाल्या, आणि त्यांनी त्यातले चार निवडून काढले. सारख्या अंगाचे, एका बाजूनं सपाट. पायरीच्या दगडावर चूळभर पाणी टाकून त्या एकेक चिंचोका घासायला लागल्या. बोटाखाली दगडाचा खसखस आवाज, पाण्यात तपकिरी रंगाची साय, आणि थोड्या वेळानं सालीखालून पांढराशुभ्र मगज वर आला. धाकट्यानं घाई केली तेव्हा त्या म्हणाल्या, "नुसतं रगडू नगंस, पाणी घाल जरा. तापलं की त्ये उडतंय."

मग कोळशानं जमिनीवर पट आखला. पाच बाय पाच, पंचवीस घरं, चारही बाजूंच्या मधल्या घरांवर आणि अगदी मधोमध फुली. सोंगट्या म्हणून बांगडीच्या काचा, तुरीचे दाणे, विटेचे तुकडे आणि खडे. चार चिंचोके हातात खुळखुळवून टाकायचे. जेवढे पांढरे वर तेवढी घरं, चारही पांढरे पडले तर चार, चारही तपकिरी पडले तर आठ, आणि चार किंवा आठ पडलं की पुन्हा डाव आपलाच. फुलीच्या घरात सोंगटी मरत नाही. बाहेरच्या फेऱ्यात दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेऱ्यात शिरता येत नाही. चल्लस-आठ. हा खेळ मी लहानपणी खेळले होते आणि पुढं तीसेक वर्षं तो माझ्या मनातही आला नव्हता. आत्यांनी मात्र पट आखताना एकदाही हात थांबवला नाही.

त्या दुपारी घरातली आठही माणसं त्या पंचवीस घरांभोवती बसली होती. दीर पुण्यात संगणकावर काम करतात, एरवी जेवतानाही फोनवर असतात. ते मांडी घालून, पुढं झुकून, चिंचोक्यांवर फुंकर मारत होते.

मला तेव्हापासून एक गोष्ट दिसायला लागली आणि अजूनही ती मनातून जात नाही. त्या घरातला एकही विरंगुळा बाहेरून विकत आणलेला नव्हता. प्रत्येक विरंगुळा कुठल्या ना कुठल्या कामातून उरलेला होता. चिंच फोडली म्हणून चिंचोके. लुगडी विरली म्हणून वाकळ. देवीची माळ ओवली म्हणून कवड्या. काम आणि खेळ यांच्यामध्ये बांध घालायची या घराला सवयच नव्हती. शहरातल्या आमच्या बिऱ्हाडात आम्ही दिवसभर काम करतो आणि मग थकून करमणूक शोधतो, तिचे पैसे भरतो, आणि ती संपली की पुन्हा रिकामे होतो. आत्यांच्या घरात टाळेबंदी आली तरी काम संपलं नाही, म्हणून खेळही संपला नाही.

उन्हाळी कामं तर ओळीनं होती. कुरडयांचा गहू भिजत घातला तो तीन दिवस, रोज पाणी बदलत. तिसऱ्या दिवशी त्याचा आंबूस वास सगळ्या घरात भरला. गहू वाटून, पिळून, गाळून चीक काढला, तो रात्रभर ठेवला, सकाळी वरचं पाणी ओतून दिलं. मग मोठ्या पातेल्यात आधण, मीठ, आणि तो पांढरा दाट चीक हळूहळू सोडत घाटायचा. हे एकट्या बाईचं काम नव्हे. जाऊबाईंनी पातेलं दोन फडक्यांनी दाबून धरलं, मी लाटण्यानं घाटत होते, आत्या चुलीत जळण पुढं-मागं करत होत्या. चीक शिजत आला की पांढऱ्याचा काचेसारखा होतो, जड होतो, लाटणं फिरेनासं होतं. त्या क्षणी दोन्ही मुलं वाट्या घेऊन उभी. गरम चीक, त्यावर गूळ आणि दुधाची धार. कुरडई वर्षभर टिकते, पण चीक त्या सकाळपुरताच. पुण्याच्या मुलांनी तो पहिल्यांदा खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, आज परत घालायचा का गहू?

माळवदावर धोतर अंथरून सोऱ्यानं कुरडया घातल्या. ऊन चढायच्या आत उरकायला हवं, नाहीतर पाय पोळतात. राखणीला मुलं, कावळे हाकायला. राखण करता करता त्यांना माळवदाच्या कडेला बसून गल्ली बघायचा छंद लागला.

गल्लीतही एक खेळ सुरू झाला होता. एरवी पारावर एकत्र बसणारी म्हातारी माणसं आता आपापल्या ओट्यांवर बसत. मधे गल्लीचं अंतर, तोंडाला उपरण्याची घडी. बोलायचं तर मोठ्यानं बोलावं लागे. एके संध्याकाळी समोरच्या ओट्यावरच्या अण्णांनी आमच्या मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, एक कोडं घातलं. मामांनी उत्तर दिलं आणि उलट दुसरं घातलं, ते पलीकडच्या ओट्यानं सोडवलं. बघता बघता रोज दिवेलागणीला गल्लीभर कोडी उडायला लागली. विहीर, कांदा, जातं, मोट, बाभळीचा काटा, लसणाचा गड्डा, सगळी उत्तरं रानातली नाहीतर चुलीपुढची. मोट म्हणजे काय हे मुलांना आधी सांगावं लागलं. मग मुलांनी आपली कोडी रचली, वायफायचं, चार्जरचं, आणि ती सोडवताना सगळे ओटे हरले. अण्णा मात्र हरले तरी खूश होते. रोज नव्या कोड्याची वाट बघत ते ओट्यावर सगळ्यांच्या आधी येऊन बसत.

राजेलोकांच्या विरंगुळ्यांचं एक मोठं पुस्तक आमच्या शेजारीच लिहिलं गेलं आहे. उमरग्यावरून सीमा ओलांडली की थोड्याच अंतरावर बसवकल्याण लागतं. ते कल्याणीच्या चालुक्यांचं राजधानीचं गाव. तिथला राजा तिसरा सोमेश्वर, त्यानं इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. शंभर अध्याय, वीस-वीसांचे पाच भाग. त्यात राज्य कसं करावं हे आहे, स्वयंपाक आहे, हत्ती-घोडे आहेत, आणि शेवटचे दोन भाग सबंध विनोदांना आणि क्रीडांना दिलेले आहेत. गाणं, कथा, झोपाळा, वाळूतले खेळ, चांदण्यातले खेळ, बुद्धिबळ, फासे, कोडी आणि कवड्यांचा खेळ. नऊशे वर्षांपूर्वी राजवाड्यात जी यादी झाली, तिच्यातलं बरंचसं त्या चैत्रात आमच्या गल्लीत हजर होतं, हे मला फार नवलाचं वाटलं.

पण त्याच ग्रंथात गाण्यांच्या भागात आणखी एक नोंद आहे, आणि माझा जीव तिच्यात जास्त अडकतो. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, असं सोमेश्वरानं लिहून ठेवलं आहे. राजाच्या विरंगुळ्याला वेगळा प्रहर होता, त्याला बाग लागे, सखे लागत. बाईचं गाणं मात्र मुसळाच्या घावाबरोबर येई. उखळावर कांडावं तर लागेच, त्या कष्टातूनच तिनं सूर काढला. पुढच्या काळात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांच्या साथीनं गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या टिपून घेतल्या, त्या लाखावर भरल्या. लाखावर ओव्या, आणि त्यातली एकही बसून, सवड काढून रचलेली नसणार.

आत्यांना जात्यावर बसून पाच-सहा वर्षं झाली होती. गावात गिरणी आहे. पण त्या दिवसांत गिरणीची वेळ बदलली, वीज जायला लागली, आणि एकदा डाळ भरडायची निकड पडली. जातं झाडून पुसून घेतलं. एका बाजूला आत्या, एका बाजूला मी. खुंट्यावर दोघींचे हात एकावर एक. पहिले काही वेढे माझा हात उलटा ओढत होता, मग त्यांच्या हाताच्या लयीत तो आपोआप गेला. आणि त्यांनी गायला सुरुवात केली. आधी तुळजापूरच्या भवानीला, मग गोरोबाकाकांना, मग भावाला, मग माहेरच्या विहिरीला. मला वाटलं, दोन-चार ओव्या होतील. पायलीभर डाळ भरडून झाली तरी त्यांचं संपलं नव्हतं. थोरलीनं फोनवर ते टिपून घेतलं. अधेमधे जात्याची घरघर इतकी मोठी आहे की शब्द बुडून जातात, पण मला ते तसंच आवडतं.

रानात मात्र बरं चाललेलं नव्हतं. द्राक्षं वेलींवर, व्यापारी येईनात. भाज्यांची वाहनं अडत होती. संमेलनात घेतलेल्या पुस्तकांतून मी दुपारी मोठ्यानं वाचून दाखवत असे. एकदा भास्कर चंदनशिवांची 'लाल चिखल' वाचली. ते आमच्याच जिल्ह्याचे, कळंब तालुक्यातल्या हासेगावचे. टोमॅटोला भाव मिळत नाही म्हणून बाजारातच बाप आपला माल पायांनी तुडवतो आणि मुलगा ते बघत राहतो, अशी ती गोष्ट. मुलांनी ती शाळेच्या पुस्तकात वाचली होती, मार्कांपुरती. त्या दुपारी वाचून झाल्यावर कुणीच बोललं नाही. मामा उठले, वाड्याच्या दारातून रानाकडं बघत उभे राहिले, मग परत येऊन म्हणाले, "पुन्हा वाच."

एप्रिलच्या मध्यावर ऊसतोडीला गेलेल्यांना परत यायची परवानगी मिळाली. आमच्या भूम, वाशी, कळंबकडून दर साल हजारो माणसं कारखान्यांवर जातात. टाळेबंदीत ती तिथंच फडात, पाचटाच्या कोपीत अडकून पडली होती. आली तेव्हा गावाबाहेर शाळेत त्यांची सोय झाली. गावानं पाळीपाळीनं भाकऱ्या द्यायच्या ठरवल्या. आमची पाळी आली त्या दिवशी आत्यांनी भाकऱ्यांच्या फडक्यासोबत एक छोटी पिशवी दिली. मी विचारलं तर म्हणाल्या, "लेकरं हायेत तिथं. नुसतं बसून काय करतील?" पिशवीत घासून पांढरे केलेले चिंचोके होते आणि सागरगोटे. शाळेच्या फाटकाशी ती ठेवून आम्ही लांब उभे राहिलो. एक मुलगी आली, पिशवी उघडली, तिनं एक सागरगोटा काढून फरशीवर घासला आणि भावाच्या दंडाला टेकवला. तो चटका बसून ओरडला आणि दोघंही हसायला लागली. हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

आनंदात होतो आम्ही, हे मी मोकळेपणानं सांगते. त्या वर्षाबद्दल बोलताना लोक आनंदाचा शब्द काढायला कचरतात, कारण त्याच दिवसांत माणसं डोक्यावर बोचकी घेऊन उन्हातून शेकडो मैल चालत होती. मीही रात्री ती चित्रं बघत होते आणि घशाखाली घास उतरत नव्हता. तरीही दुपारचा तो आनंद खरा होता आणि त्याला मी नाकारणार नाही. आमच्या घरात धान्य होतं, छत होतं, माणसं एकमेकांजवळ होती. हे सगळ्यांना मिळायला हवं होतं, एवढंच त्या आनंदानं मला पक्कं कळलं.

८ एप्रिलला चैत्री पौर्णिमा होती. येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा. लाखो माणसं येतात, चुनखडीचे खडे वेचून देवीला वाहतात. त्या वर्षी यात्रा नाही. तुळजापूरचं देऊळ तर मार्चातच भाविकांना बंद झालं होतं. पूजा आत होत होती, दर्शन नव्हतं. ते उघडलं दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबरला. चैत्र वद्यातली तेरची गोरोबाकाकांची यात्राही भरली नाही. आत्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ असते, मंगळवारी परडी पुजतात. त्या पौर्णिमेला त्यांनी अंगणातले पाच खडे उचलले, धुतले आणि देव्हाऱ्यात वाहिले. तिथूनच येरमाळ्याला हात जोडले.

संध्याकाळी धाकट्यानं त्यांच्या माळेला हात लावून विचारलं, यांनी चल्लस खेळता येईल का? जाऊबाई त्याला दटावणार तेवढ्यात आत्या उठल्या. फडताळातला पत्र्याचा डबा काढला, त्यात तळाशी चार कवड्या होत्या. माळ ओवताना उरलेल्या. "माळेतल्या आईच्या. ह्या तुझ्या," म्हणाल्या. कवडीचा पट चिंचोक्यापेक्षा वेगळा वाजतो. चिंचोका जमिनीवर पडून गप्प बसतो, कवडी पडल्यावर क्षणभर डुलते, आणि ती उताणी पडणार की पालथी याकडं सगळ्यांचे डोळे लागलेले असतात.

रात्री माळवदावर झोपायचं. सांजेला पाणी मारून ठेवलं की मातीचा वास येत राहतो. त्या वर्षी वाहनं नव्हती, वीटभट्ट्या थंड होत्या, आणि हवा धुतल्यासारखी झाली होती. पश्चिमेला शुक्र एवढा ठळक होता की मुलांना ते विमान वाटलं. ३ एप्रिलच्या आसपास तो थेट कृत्तिकांच्या पुंजक्यात जाऊन बसला होता. शुक्र दर आठ वर्षांनी असा कृत्तिकांत येतो, हे दिरांनी फोनवर शोधून सांगितलं. मामांना कृत्तिका ठाऊक होत्या पेरणीच्या हिशेबानं, शुक्र ठाऊक होता पहाटेच्या मोटेच्या वेळी दिसणारा. उत्तरेला सप्तर्षी, त्यांच्या शेपटाच्या वाटेनं पुढं गेलं की तांबूस स्वाती, आणखी पुढं चित्रा. बाप आणि लेक दोन टोकांनी आकाश वाचत होते, आणि मधे मुलं कधी झोपून जायची कळायचंही नाही.

मेंढीकोट रंगायचा तो कंदिलाच्या उजेडात. मामा आणि जाऊबाई एका बाजूला, दीर आणि आमचे हे दुसऱ्या. चारही दश्श्या एकाच बाजूला गेल्या की कोट. मामा पानं हातात लागली की बोलत नसत, फक्त हुकूम मागताना भुवई हलायची. कॅरमची बोरिक पावडर संपली तेव्हा अंगाची पावडर टाकली, घरभर मोगऱ्याचा वास सुटला.

आणि वाकळ. आत्यांची विरलेली दोन लुगडी, मामांची धोतरं, मुलांचे आखूड झालेले कपडे. खाली लुगडं, वर लुगडं, मधे चिंध्यांची भर, आणि कडेनं आत आत येत जाणारा धावदोरा. जाऊबाई एका कोपऱ्यातून, मी समोरच्या कोपऱ्यातून निघालो. आमचं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, सणावारी भेटत होतो, हसून बोलत होतो. पण त्यांचं शिक्षण मधेच का राहिलं, पुण्यात पहिली दोन वर्षं त्यांनी कशी काढली, हे मला वाकळीचा तिसरा पट्टा चालू असताना कळलं. सुई हातात असली की माणसाला समोर बघावं लागत नाही. न बघता पुष्कळ बोलता येतं.

१ मेच्या सुमाराला केंद्राच्या करोनाच्या यादीत आपला जिल्हा हिरवा आला. राज्यातल्या त्या सहा हिरव्या जिल्ह्यांत आम्ही होतो. उमरग्याकडं सुरुवातीला सापडलेले रुग्ण बरे होऊन घरी गेले होते. गावात जरा हायसं वाटलं. मग रस्ते उघडले, माणसं आली-गेली, आणि आजारही आला.

२०२१ चा चैत्र वेगळा होता. मुलं पुण्यात, आम्ही धाराशिवात, फोन वाजला की हात थरथरायचा. ऑक्सिजनसाठी धावाधाव, खाटांसाठी विनवण्या. त्या महिन्यात समोरच्या ओट्यावरचे अण्णा गेले. दवाखान्यात गेले ते परत आले नाहीत, गल्लीतल्या कुणालाही त्यांना खांदा देता आला नाही. मामांनी कोडी घालणं बंद केलं. दिवेलागणीला ते ओट्यावर बसत, पण बोलत नसत. चिंच त्याही वर्षी फोडली, आत्या आणि मी दोघींनी, चिंचोके सुपात तसेच राहिले. विरंगुळा प्रत्येक दुःखावर चालतो असं मला वाटत नाही. काही दिवस त्याला दाराबाहेरच थांबावं लागतं.

तो परत आला मुलांबरोबर, पुढच्या उन्हाळ्यात. आल्या दिवशी थोरलीनं कोळसा शोधला आणि जुन्याच जागी पट आखला. धाकट्यानं पुण्यात त्याच्या इमारतीतल्या सात-आठ पोरांना चल्लस शिकवला होता, गच्चीवर खडूनं आखून, चिंचोके नव्हते तर सीताफळाच्या बिया वापरून. सीताफळाच्या बिया नीट उताण्या-पालथ्या पडत नाहीत, म्हणून जाताना तो इथून पिशवीभर चिंचोके घेऊन जाणार होता. मामांना त्यानं गल्लीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं एक कोडं घातलं. मामा बराच वेळ गप्प राहिले, मग त्यांनी उत्तर दिलं. ते चुकीचं होतं. समोरच्या ओट्यावरून अण्णांच्या सुनेनं बरोबर उत्तर दिलं.

अजून एक भांडण मात्र मिटलेलं नाही. जाऊबाईंचं माहेर बार्शीकडचं. त्यांच्याकडं सोंगटी न मारताही आत शिरता येतं. आत्यांना हे मान्य नाही, कुणाला तरी मारल्याशिवाय घर कसं मिळेल म्हणतात. थोरलीनं यंदा मधला मार्ग काढला, आठ पडले तर न मारता आत. आत्यांनी तो उडवून लावला, आणि मग पहिल्याच डावात त्यांना स्वतःलाच आठ पडले. पोरं ओरडायला लागली, आज्जी, जा की आत! आत्या चिंचोके मुठीत धरून विचार करत होत्या, आणि जाऊबाई म्हणाल्या, "आत्या, तुम्ही आत गेलात की नियम कायमचा झाला हं."

"मग न्हाई जात," आत्या म्हणाल्या, आणि सोंगटी बाहेरच्याच फेऱ्यात आठ घरं पुढं सरकवली. तिथं माझी सोंगटी होती. ती मेली.